पोहोचल्याचा मिस्ड कॉल

१

मृणालच्या घरी फोन करायचा तो बोलण्यासाठी नव्हे, नुसता वाजवण्यासाठी. कामाच्या जागी पोहोचली की ती बाबांच्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल द्यायची आणि निघताना दुसरा. पहिला म्हणजे पोहोचले, दुसरा म्हणजे निघाले, कुकर लावा. कॉल महाग होते तेव्हाची ही सवय. आता महिन्याच्या पॅकमध्ये हवं तितकं बोलता येत होतं, तरी सवय सुटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मृणालला ती सोडायचीही नव्हती. बाबा, म्हणजे देवराम, कधीमधी चुकून, किंवा चुकल्यासारखं करून, फोन उचलायचे. मग ती फणकाऱ्याने म्हणायची, उचलता कशाला, कामात असते मी. आणि ठेवून द्यायची.

देवराम रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मृणालची आई कांताबाई गेल्या, त्यानंतर कोपरच्या त्या दोन खोल्यांत बाप आणि लेक अशी दोघंच उरली. लग्नाचा विषय मृणालने केव्हाच बंद करून टाकला होता. घर तिच्या पगारावर चालायचं, बाबांची औषधं तीच भरून ठेवायची, आणि हे सगळं आपण एकटीने ओढतो याचा तिला अभिमान होता. तो अभिमान तिने रागाच्या डब्यात ठेवला होता, त्यामुळे बाहेर काढताना दरवेळी रागच हाताला लागायचा. ऑफिसात म्हणत, मृणाल लवकर चिडते. हे काही खरं नाही. ती मुळात शांत झालेलीच नसायची.

आणि चिडू नको तर काय करू, असं तिचं म्हणणं. आता हे ठाकुर्लीचंच काम घ्या. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एक्स-रे असं सगळं करणारी एक लॅब. तिथे टेबलाटेबलाखाली धूळ खात पडलेले जुने सर्व्हर मृणालला काढायचे होते. त्यांच्या जागी दोन दणकट सर्व्हर येणार होते, आणि जुनी सगळी मशीनं या दोघांच्या पोटात सॉफ्टवेअरच्या रूपाने चालणार होती. माहिती मात्र दोघांपैकी कुणाकडेच नसणार. ती तिसऱ्या एका पेटीत, सामाईक स्टोरेजमध्ये. एक सर्व्हर मेला तरी दुसऱ्याने त्याची मशीनं उचलायची, पेटीतली माहिती घ्यायची आणि पुढे चालू पडायचं. पेशंटला पत्ताही लागणार नाही. यासाठी दोघं सर्व्हर एका केबलवरून एकमेकांना सारखं सांगत राहतात, मी आहे, मी आहे. हे सांगणं थांबलं की दुसरा समजतो, हा गेला.

म्हणून तर मृणालने दोन केबली मागितल्या होत्या. एक तुटली तर दुसरी. शिवाय एक छोटं यंत्र, जे गेलेल्या सर्व्हरची वीज आधी तोडून टाकतं, म्हणजे तो अर्धवट जिवंत राहून घोटाळा करणार नाही. लॅबचा मॅनेजर सुशांत याने यादीतून दोन्ही वस्तू उडवल्या. म्हणाला, "दोन-दोन केबल कशाला, मॅडम? लग्नात आपण दोन-दोन नवरदेव बोलावतो का?" स्वतःच हसला. मृणालने ठाण्याला, कोपरीतल्या आपल्या ऑफिसात साईनाथ सरांना फोन केला. साईनाथ सर म्हणाले, क्लायंट आहे, अ‍ॅडजस्ट कर. गेली बारा-पंधरा वर्षं ती अ‍ॅडजस्टच करत आली होती.

सर्व्हरसाठी दिलेली खोली म्हणजे लॅबची जुनी एक्स-रेची खोली. दारात शिशाचा पत्रा, भिंतींना आतून जाड थर, खिडकी नाही. दार लोटलं की बाहेरचा आवाज बंद आणि मोबाइलची रेंजही बंद. आत फक्त पंख्यांची एकसुरी घरघर. मृणालला ती खोली आवडली होती. तिथे कुणी तिला काही सांगू शकत नव्हतं.

२

ज्या दिवशी पहिली चाचणी होती त्या दिवशी सुशांत तिला लॅबच्या दारातच भेटला. शेड्यूल, उशीर, डॉक्टरांच्या तक्रारी, सगळं त्याने तिच्या डोक्यावर तिथेच रिकामं केलं. मृणालनेही त्याला चार शब्द ऐकवले आणि तणतणत आत जाऊन शिशाचं दार ओढून घेतलं. या भरात पोहोचल्याचा मिस्ड कॉल राहून गेला. तिला ते आठवलंही नाही.

चाचणी झकास झाली. तिने एका सर्व्हरची वीज काढली. क्षणभर लॅपटॉपवर सगळं लाल झालं, मग दुसऱ्याने एकेक मशीन उचललं आणि ओळीने हिरवे दिवे लागले. बाहेर काउंटरवर रिपोर्ट छापले जात होते ते छापलेच जात राहिले. हे दरवेळी बघताना मृणालला बरं वाटायचं. जगात निदान एक गोष्ट अशी होती की जी कुणी गेलं तरी रडगाणं न गाता काम पुढे नेते.

दुपारी जेवायला बाहेर आली तेव्हा आठवण झाली. तिने बाबांना मिस्ड कॉल लावला, तर फोन व्यस्त. पुन्हा लावला, तरी व्यस्त. बाबांशी इतका वेळ बोलणार कोण, असं तिच्या मनात आलं आणि ती परत आत गेली.

संध्याकाळी घरी गेली तर देवराम खुशीत होते. दाढी केलेली, टीव्ही बंद. एरवी ती उंबऱ्यात आली की ते आधी उशिराबद्दल विचारायचे. आज काहीच विचारलं नाही. मृणालने स्वतःहून सांगितलं, आज मिस्ड कॉल द्यायचा राहिला.

"असू दे की," देवराम म्हणाले. "नंतर बोललो ना आपण दुपारपर्यंत. पोटभर."

मृणाल ताटावर बसत होती, ती तशीच थांबली. आपण फोन केलाच नाही, असं तिने सांगितलं. देवराम हसले. म्हणाले, अगं तूच केलास, माझ्या पाठीचं विचारलंस, कारखान्यातल्या दिवसांचं विचारलंस. मग मात्र मृणालचा पारा चढला, पण बाबांवर नव्हे. ती याच धंद्यातली. आवाजाची हुबेहूब नक्कल करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या निघाल्यात हे तिला माहीत होतं. ओटीपी दिलात का, बँकेचं काही विचारलं का, आधारचा नंबर सांगितलात का, असं तिने त्यांना उलटसुलट विचारलं. देवरामांनी प्रत्येकाला नाही म्हटलं आणि शेवटी त्यांचं तोंड उतरलं.

तिने त्यांचा मोबाइल घेतला. आलेल्या कॉलमध्ये सकाळपासून ते दुपारपर्यंत एकच मोठा कॉल होता, आणि तो तिच्याच नंबरावरून होता. तिच्या स्वतःच्या फोनवर त्याचा मागमूस नव्हता. त्या वेळी ती शिशाच्या दाराआड होती, जिथून कुणालाही फोन लागत नाही. पण दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करणं हे काही अवघड नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तिला ते स्वतःला करता आलं असतं. फक्त एक तिला कळेना. चोरायचं काहीच नसेल तर एवढा वेळ बोलायचं कशाला?

यापुढे माझा फोन आला तरी उचलायचा नाही, असं तिने बाबांना बजावलं. देवराम बरं म्हणाले.

३

पुढच्या आठवड्यात मृणालने मिस्ड कॉल एकदाही चुकवला नाही. पोहोचली की वाजवायची, निघाली की वाजवायची. पलीकडून कुणी उचलत नव्हतं, म्हणजे सगळं ठीक.

पण घर बदलत चाललं होतं. ती परत यायची तेव्हा तिचा टॉवेल ओला असायचा. तिची चादर घडी घालून ठेवलेली असायची आणि घडी तिच्याच पद्धतीची, कडेला मुडपलेली. बाबांच्या गोळ्यांच्या डबीतला दुपारचा खण, जो ते हमखास विसरत, रोज रिकामा. बाबांच्या शर्टला इस्त्री. एकदा मोरीतल्या फणीत केसांचा ताजा गुंता होता. मृणाल सकाळी केस विंचरून गेली होती, हे खरं. पण गुंता तिने काढून टाकला होता की नाही हे तिला शपथेवर सांगता येईना. तेव्हा तिने तो काढून टाकला आणि विषय संपवला. बाबाच हे सगळं करत असतील. बाबांना जरा उत्साह आलाय, तर आपण त्यावरही संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली.

पहिल्या मजल्यावरच्या मालनमावशीने ही हद्द आणखी लांबवली. जिन्यात मृणालला अडवून ती कौतुकाने म्हणाली, की बाबांना दुपारी खाली फिरायला आणतेस ते फार चांगलं करतेस. मृणाल म्हणाली, मावशी, दुपारी मी कामावर असते.

"अगं, असं काय करतेस? काल तू माझ्याशी उभी राहून बोललीस. माझ्या गुडघ्याचं विचारलंस."

मृणालने उभ्या आयुष्यात मालनमावशीच्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. म्हातारीचे दिवस एकमेकांत मिसळायला लागलेत, असं म्हणून ती वर गेली. वर जाईपर्यंत तिला संतापाने घाम फुटला होता. कुणीतरी या बिल्डिंगमध्ये आपल्या नावाने चांगुलपणा करत फिरतंय, आणि लोक तो आपल्याला परत आणून दाखवतायत, याहून अपमान कोणता असतो? तिने बाबांना विचारलं, दुपारी घरी कोण येतं. देवराम टीव्हीकडे बघत म्हणाले, कोण येणार? त्यांनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, एवढंच.

पोलिसांत जावं असं तिच्या मनात आलं. जाऊन सांगायचं काय? की माझ्या घरात कुणीतरी शिरतं आणि चादरी घडी करून ठेवतं? तिने एक दिवस रजा टाकून घरी बसायचं ठरवलं. साईनाथ सर म्हणाले, काम हातावेगळं झालं की महिनाभर बस.

४

काम हातावेगळं करायचं तर शेवटची चाचणी उरली होती, आणि ती मृणालने सुशांतला समोर उभं करून करायची ठरवली. एका केबलने काय होतं ते त्याने डोळ्यांनी बघावं. उद्या खरंच काही झालं तर तो आपलाच गळा धरणार हे ती जाणून होती.

तिने चाचणीपुरतं एक मशीन तयार केलं आणि त्यात रखमाबाई नावाची एक खोटी पेशंट घातली. काउंटरवरच्या सरोजला सांगितलं, तू या रखमाबाईच्या नोंदी भरत राहा. मग शिशाचं दार लोटून तिने आणि सुशांतने त्या दोन सर्व्हरमधली एकुलती एक केबल उपटली.

दोन्ही सर्व्हर चालू होते. दोन्हींच्या पंख्यांचा आवाज तसाच. पण केबलवरचं बोलणं थांबलं होतं, त्यामुळे दुसऱ्या सर्व्हरने ठरवलं की पहिला मेला. त्याने सामाईक पेटीत हात घातला आणि रखमाबाईचं मशीन आपल्याकडे चालू केलं. पहिल्याकडे ते चालूच होतं. आता एकच मशीन दोन ठिकाणी जिवंत होतं, आणि दोन्ही एकाच पेटीत लिहीत होती. एकाच भाजीत दोघींनी आपापलं मीठ टाकावं तसं. थोड्या वेळात रखमाबाईच्या रिपोर्टाचा पार चिवडा झाला.

सुशांत पहिल्यांदाच गंभीर झाला. त्याने विचारलं, "मग यातली खरी रखमाबाई कुठली?"

"दोन्ही," मृणाल म्हणाली. "तोच तर घोटाळा आहे. नक्कल कुणीच करत नाहीये. दोघींना आपणच खरी आहोत असं वाटतंय, आणि दोघींचं बरोबर आहे."

"पण ठेवणार कुठली?"

तिने लॅपटॉपवर बघितलं. पहिली, मूळची, सकाळपासून चालत होती, पण केबल निघाल्यापासून तिच्याकडे काहीच नवं आलं नव्हतं, जुनंच ती पुन्हा लिहीत बसली होती. सरोजचा कॉम्प्युटर दुसरीशी जोडला गेला होता. सगळ्या ताज्या नोंदी दुसरीकडे होत्या.

"जिच्याशी माणसं बोलतायत ती ठेवायची," ती म्हणाली. "दुसरी बंद."

आणि तिने मूळची बंद केली. सुशांतने गंमत म्हणून विचारलं, की बंद करताना तिला काही कळतं का. नाही, मृणाल म्हणाली, आपलं काम ठीक चाललंय असंच ती शेवटपर्यंत समजते.

केबल परत लावून ती दोघं बाहेर आली. बाहेरच्या उजेडात सुशांतला पुन्हा कंठ फुटला. म्हणाला, हे तुम्ही मुद्दाम केबल काढलीत म्हणून झालं, आपोआप थोडीच निघते? मृणालला वाटलं, याला आत्ता इथेच कडाडून बोलावं. पण याला सांगून उपयोग नव्हता. ती तरातरा मागच्या जिन्यावर गेली. तिला कुणाला तरी हे सांगायचं होतं, आत्ता, सगळं. आणि सांगायला माणूस शोधायला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की बाबांशिवाय कुणी नाही.

तिने फोन लावला. दुसऱ्या रिंगला कापायची हाताला सवय. तिने अंगठा मागे धरून ठेवला. तिसरी रिंग झाली, चौथी झाली, आणि फोन उचलला गेला.

"हॅलो," बाईचा आवाज आला.

मागे कुकरची शिटी झाली. भिंतीतल्या कपाटाचं दार कुरकुरलं. तिचंच घर होतं ते. आणि आवाजही मृणालच्या ओळखीचा होता. ऑफिसच्या रेकॉर्ड केलेल्या मीटिंगांमध्ये तिने तो ऐकला होता आणि दरवेळी तो तिला आवडला नव्हता. इथे त्याची धार तेवढी गेली होती.

"कोण बोलतंय?" मृणालने दरडावून विचारलं.

"मृणाल," आवाज म्हणाला. त्याला कसलीच घाई नव्हती. "हळू बोला हं, बाबा झोपलेत. आपण कोण?"

मृणालने श्वास घेतला. या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणं हाच तिला अन्याय वाटत होता.

"मी मृणाल आहे," ती म्हणाली.

पलीकडे कुणी दचकलं नाही, हसलंही नाही.

"दमलेल्या दिसता," तो आवाज म्हणाला. खरोखर काळजीने म्हणाला. "पाणी प्या थोडं."

५

ठाकुर्लीच्या पुलावरून स्कूटर हाणत ती निघाली तेव्हा ऊन अजून कललं नव्हतं. वाटेत तिने सगळं जुळवून टाकलं. आवाज सॉफ्टवेअरचा नव्हता, कपाट कुरकुरलं म्हणजे घरात बाई होती. कुणीतरी आपल्यासारखी दिसणारी. बाबांची नजर अधू, मालनमावशीची त्याहून. घर बळकावायचा प्रकार असणार. अशा बाया असतात. तक्रारीत काय लिहायचं तेही तिने ठरवलं.

पहिल्या मजल्यावर मालनमावशी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मृणालकडे बघितलं, मग मान वर करून तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराच्या दिशेने बघितलं, मग पुन्हा मृणालकडे. तिने सूप उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

वर मृणालने कुलपात किल्ली फिरवली. किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती. त्यांच्या घरात दिवसा कडी कधी लावत नसत. तिने बेल दाबली आणि दाबूनच धरली.

सपातांचा आवाज आला. कडी निघाली. देवरामांनी दार वीतभर उघडलं आणि तिला बघितलं. त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते तेवढ्याच फटीतून बाहेर आले आणि त्यांनी दार मागे ओढून धरलं. कांताबाई आजारी असताना, आत त्यांचा डोळा लागलेला असला की दूधवाल्याशी ते असेच बाहेर येऊन बोलायचे.

"आत कोण आहे, बाबा?"

"हळू बोल," देवराम म्हणाले.

मग मृणालने सगळं बाहेर काढलं. कुणालाही घरात घेता, मला सांगत नाही, मी मर-मर मरते ती कुणासाठी, ती बाई कोण आहे, कधीपासून येते, मी आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावते. देवराम ऐकून घेत होते.

"मी मृणाल आहे, बाबा," शेवटी ती म्हणाली. "ती नाहीये."

"मला माहीत आहे ना," देवराम म्हणाले. "पोटच्या पोरीला ओळखणार नाही का मी?"

तिला एकदम रडू आलं. म्हणजे बाबा फसले नव्हते. बाबांना ठाऊक होतं. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, मग चला, आपण तिला बाहेर काढू.

देवरामांनी हात सोडवून घेतला नाही, पण ते जागचे हललेही नाहीत. खाली बघत, सावकाश, त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पोहोचल्याचा फोन वाजला नाही. त्यांना वाटलं, पोरीचं काही बरंवाईट झालं. ते लावत राहिले, तर लागेना. दुसऱ्या कुणाला लावणार? मग फोन हातात धरून नुसते बसले, आणि मनात म्हणत राहिले, एकदा बोल. कशीही असलीस तरी एकदा बोल. तेव्हा फोन वाजला.

"मी उचलला," देवराम म्हणाले. "ती बोलते गं माझ्याशी."

"पण ती मी नाही."

"तू वाईट नाहीस, मृणाल. तू खूप केलंस. पण तिला राग येत नाही बघ. बसते माझ्याजवळ."

मृणालने तोंड उघडलं. सांगायला तिच्याजवळ पुष्कळ होतं, सुशांतचं, साईनाथ सरांचं, त्या केबलचं. ओठापर्यंत आल्यावर तिला कळलं की ती सगळी गाऱ्हाणी आहेत. गाऱ्हाणी बाजूला काढून तिने दुसरं काही शोधलं. देवराम तिच्याकडे बघत थांबले होते. ते खरोखर थांबले होते. तिला वेळ देत होते.

"औषध घेतलंत का?" तिने विचारलं.

"घेतलं. तिने दिलं."

दार त्यांच्या हातून किंचित सुटलं होतं. त्यांच्या खांद्यावरून मृणालला स्वयंपाकाच्या ओट्याचा कोपरा दिसला. तिथे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. तिचाच घरातला जांभळा कुर्ता. आपली मान आपल्याला मागून कधी दिसत नाही. तरी ती मान बघताच मृणालच्या स्वतःच्या मानेवर काटा आला, अगदी त्याच जागी, आणि पलीकडचा हात उठून त्या मानेवरून फिरला. मग ते डोकं हळूच वळायला लागलं. देवराम मध्ये आले आणि त्यांनी दार ओढलं.

"डबा दे," ते म्हणाले.

रोज दारात ते हेच म्हणायचे. मृणालने काहीही विचार न करता खांद्यावरच्या पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"घासून ठेवते ती," देवराम म्हणाले. "उद्या लागेल."

ते आत गेले. कडी लागली. मृणालने बेलकडे हात नेला. ती बेल वाजवणार होती, दार बडवणार होती, सगळा मजला गोळा करणार होती. हक्क तिचा होता. आत नळ सुरू झाला. डब्याचं झाकण मोरीत वाजलं. देवराम काहीतरी सांगू लागले, कारखान्यात पहिल्या दिवशी निळ्या रंगाच्या पिंपात कसे पडता पडता वाचले त्याबद्दल, आणि सांगतानाच हसू लागले.

"मग पुढे काय झालं, बाबा?" तिच्या आवाजात कुणीतरी विचारलं.

ही गोष्ट मृणालने कधी ऐकली नव्हती. तिने हात खाली घेतला, दाराला कान लावला आणि पुढे काय झालं ते ऐकत उभी राहिली.